राखणदारासमोर भाजलेलं पुडिंग

"ओव्हन कशाला लागतोय? खाली निखारा, वर निखारा, मधी टोप! आमच्या आजीनं काकडीचं धोंडस असंच केलं जन्मभर. तिला कुणी ओव्हन इचारला हुता?"

महाबळेश्वरने हे असं ठणकावून सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस लहानपणापासून भट्टीतच वाढलाय! खरी गोष्ट अशी की चहा ठेवला तर तो उतू गेल्यावरच गडी चुलीकडे बघायचा. पण आत्मविश्वास! त्याचं काय सांगावं! तो गणेशगुडीच्या धरणात मावला नसता.

"अवो, धोंडस तुमच्या आजीनं केलतं," त्याची बायको काशी लुगड्याचा पदर खोचत म्हणाली. "तुम्ही नुसतं खाल्लं. मी पायस करून ठेवलाय, रूपालीताई आल्या की तेवढा वाढा. आणि ते पाव म्हशीला घाला."

"म्हशीला?" महाबळेश्वरच्या काळजाला घरं पडली. "काशे, ते पाव म्हंजे आपलं नशीब हाय!"

नशीब कसलं, चांगले पोतंभर शिळे पाव! त्याचं असं झालं, नदीत तराफ्यावर खेळायला आलेली हुबळीची एक टोळी महाबळेश्वरच्या घरी उतरली होती. जंगलात खायला काय मिळणार, या भीतीनं बिचाऱ्यांनी येताना पावाची पाकिटंच्या पाकिटं आणली. मग काशीची तांदळाची भाकरी, कणग्याच्या कंदाची भाजी आणि तांबड्या मुंगळ्यांची चटणी तोंडाला लागली आणि पावांकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. टोळी गेली, पाव राहिले. वाळून असे कडक झाले की एकमेकांवर आपटले तर आवाज यायचा.

आणि रूपालीताई म्हणजे बेळगावची रूपाली. सुट्टीत शाळेच्या पोरांच्या गाड्या भरून जंगलात आणायची. मागच्या खेपेला ती जाता जाता म्हणाली होती, "अण्णा, जेवण एक नंबर की हो तुमचं! पण पोरं पायसाला तोंड लावत न्हाईत बघा. ओव्हनमधलं, फळंबिळं घातलेलं असं कायतरी गोड करून दाखवा. जमलं तर सगळ्या गाड्या तुमच्याकडं. न्हाई जमलं तर नदीपलीकडं नवीन रिसॉर्ट झालंय, मी तरी काय करू?"

आज संध्याकाळी ती गोड चाखायला येणार होती. आणि या गोडावर नुसत्या गाड्या नव्हत्या, अख्खा अक्षय होता! अक्षय म्हणजे यांचा एकुलता एक पोरगा. गोव्यात एका हॉटेलच्या भटारखान्यात कामाला. दर सणाला काशी त्याचं ताट वाढायची, मग दर सणाला त्याचा निरोप यायचा की रजा मिळाली नाही, आणि ते ताट महाबळेश्वरला खावं लागायचं. पोरगं म्हणायचं, "बाबा, गाड्या कायम यायला लागल्या की मी दुसऱ्या दिवशी घरात. पण घरी येऊन बसून काय करू, सांग." यावर महाबळेश्वरकडे उत्तर नव्हतं. आज होतं! पोतंभर होतं!

काशी बहिणीच्या नातवाच्या बारशाला जोयड्याच्या गाडीत बसली, आणि गाडीचा धुरळा खाली बसायच्या आत महाबळेश्वर कामाला लागला.

आता एक अडचण सांगतो. महाबळेश्वरचं घर खोलगट जागेत. तिथं फोनला रेंज म्हणून येत नाही. रेंज येते ती फक्त एका ठिकाणी, वरच्या टेकाडावर, किंदळाच्या मोठ्या झाडाखाली. आणि त्या किंदळाखाली आहे गावचा राखणदार. राखणदार म्हणजे शेंदूर फासलेला दगड, पुढं एक सपाट चिरा, चिऱ्यावर कायम चार फुलं. वाघरापासून, विंचवाकाट्यापासून गावाला राखणारा तो. अलीकडे त्याच्याकडे रेंजचं खातंही आलं होतं. सगळं गाव फोन करायला तिथंच जायचं, चपला बाहेर काढून.

कृतीचा व्हिडिओ बघत बघत गोड करायचं, तर चूल तिथंच मांडायला पाहिजे! महाबळेश्वरने टोप उचलला, पाव उचलले, दुधाची चरवी, रायवळ आंबे, करवंदं, परड्यातला एक अननस, गुळाचा खडा, सरपण, सगळं हेलपाटे घालत टेकाडावर नेलं. चपला काढल्या. तीन दगडांची चूल मांडली. फोन किंदळाच्या बेचक्यात उभा केला आणि बटण दाबलं.

"नमस्कार मैत्रिणींनो!" फोनमधली बाई म्हणाली.

"नमस्कार," महाबळेश्वरने हात जोडले.

"आज आपण उरलेल्या पावाचं मस्त फळांचं पुडिंग करणार आहोत. पावाचे तुकडे दुधात भिजवा. फळं चिरून घ्या. गूळ बाजूला तयार ठेवा, तो कधी घालायचा ते मी सांगते."

बाई सांगेल तसं गडी करत गेला. पाव भिजवला. आंबे पिळले. अननसाचे तुकडे केले. करवंदं तर मूठमूठ टाकली. गूळ पानावर काढून त्या सपाट चिऱ्यावर तयार ठेवला, कारण बाजूला म्हणजे ठेवायला दुसरी जागाच नव्हती. टोप निखाऱ्यावर बसवला.

"आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट..." बाई म्हणाली आणि थांबली.

तोंड उघडं ठेवूनच थांबली! पडद्यावर ते चाक गरागरा फिरायला लागलं. रेंज गेली!

"बाई, बोला की! अवो, निखारा तापलाय, बोला!"

बाई बोलेना. महाबळेश्वरने फोन उचलला. दोन्ही हातांत धरून डोक्याच्या वर नेला. अनवाणी पायांनी राखणदाराच्या दगडाला फेऱ्या घालायला लागला. एका बाजूला रेंजची एक काडी यायची, दुसऱ्या बाजूला जायची. मधेच थांबून गडी डोळे मिटायचा आणि कळवळून म्हणायचा, "ये रे बाबा, ये! एकदाच ये! लई लांब जाऊ नगो!"

नेमकी त्याच वेळी शेजारची फुला लाकडाची मोळी घेऊन टेकाड चढली.

तिने काय बघितलं, ते तिच्या डोळ्यांनी बघा. राखणदारासमोर तीन दगडांची चूल. चुलीवर भाजत असलेला पाव. पुढं चिऱ्यावर गूळ. आणि घरचा कर्ता पुरुष अनवाणी, हात वर करून, डोळे मिटून प्रदक्षिणा घालतोय!

फुलाच्या डोक्यावरची मोळी धाडकन खाली पडली. कारण या गावात राखणदाराला रोट देतात. रोट म्हणजे निखाऱ्यावर भाजलेली जाडजूड भाकरी. आणि तो उगाच देत नाहीत. घरातलं माणूस मरणाच्या दारात असलं तरच कर्त्यानं अनवाणी यायचं, तिथंच चूल मांडायची, तिथंच रोट भाजायचा आणि होईपर्यंत जागा सोडायची नाही. मग सगळ्या गावानं तिथंच खाऊन तो संपवायचा. एक कणसुद्धा घरी न्यायचा नाही.

हे महाबळेश्वरलाही ठाऊक होतं. चांगलं ठाऊक होतं! पण त्याच्या डोक्यात त्या वेळी पुडिंग सोडून दुसरं काही नव्हतं.

"अण्णा!" फुलाचा आवाज कापरा. "कुणासाठी वो हे?"

"अक्षयसाठी गं, दुसऱ्या कुणासाठी?" महाबळेश्वरची नजर काडीवरच. "आज हे जमलं तर पोरगं घरी येतंय. न्हाई जमलं तर गेलंच म्हणायचं, कायमचं!"

"अय्यो देवा! आणि काशीअक्का?"

"तिला ह्यातलं कायबी सांगू नगो. आली की कळंल तिला."

फुलाने तोंडात पदर कोंबला आणि ती टेकाड उतरून पळाली. मोळी तिथंच. महाबळेश्वरला वाटलं, वासानं हिच्या तोंडाला पाणी सुटलं आणि लाजून गेली.

मग काय विचारता! खालच्या घरांपर्यंत बातमी गेली तेव्हा अक्षयला ताप होता. वरच्या घरांत पोचेपर्यंत तो हॉटेलच्या जिन्यावरून पडला होता. गणेशगुडीच्या थांब्यावर किराणा दुकान आहे, तिथं पोचली तेव्हा पोरगं समुद्रात बुडून बेशुद्ध होतं! दुकानदार हळवा माणूस. त्याच्याकडे अक्षयचा नंबर होता. त्याने लावला. फोन अर्थातच अक्षयने उचलला, मागे भांड्यांचा खणखणाट. पण दुकानदाराच्या हिशेबी अक्षय बेशुद्ध! तेव्हा हा कुणीतरी सोबतीच असणार, असं धरून तो हुंदके देत म्हणाला, "हे बघा, घरी सगळं कळलंय. बापानं राखणदाराला रोट मांडलाय. लवकर आणा वो त्याला!" आणि रडू आवरेना म्हणून त्याने फोन ठेवून दिला.

इकडे टेकाडावर महाबळेश्वर खुशीत होता. बाई बोलत नसली म्हणून काय झालं? सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे दुसरं काय असणार, वरून निखारा! त्याने फोन खिशात टाकला आणि झाकणावर निखारे रचले. आणि असा वास सुटला म्हणता, असा वास सुटला! अननस, आंबा, भाजलेला पाव! किंदळावरची माकडंसुद्धा खाली वाकून बघायला लागली. महाबळेश्वर त्या वासात इतका रमला की बाकी सगळं विसरला.

उन्हं कलल्यावर माणसं यायला लागली. एक आलं, दोन आली, मग रांगच लागली. कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या हातात फुलं, बायांच्या हातात केळीची पानं. कुणी बोलेना. सगळी खाली मान घालून चुलीभोवती बसली.

"बघा!" महाबळेश्वर मनात म्हणाला. "वास खालपर्यंत गेला! अजून झाकण उघडलं न्हाई तर गाव पान घेऊन हजर!" त्याची छाती फुगली.

यशवंत गावकर काठी टेकत पुढं आले. गावचं कुठलंही देवकार्य यांच्याशिवाय होत नाही. त्यांनी महाबळेश्वरच्या खांद्यावर हात ठेवला.

"महाबळू, धीर सोडू नगोस."

"न्हाई मामा. आता भ्यायचं कारण न्हाई. वासावरनं कळतंय, कडंनं तांबूस झालाय."

गावकरांनी दचकून त्याच्याकडे बघितलं. पोराच्या काळजीनं डोकं फिरलंय बिचाऱ्याचं, असं त्यांच्या चेहऱ्यावर आलं. "आतून कसा हाय?" त्यांनी हळूच विचारलं.

"आतून जरा वल्ला असंल. पण धगीवर हाय अजून."

बायांनी डोळ्याला पदर लावले. गावकर वळले, नारळ राखणदारासमोर फोडला, चिऱ्यावरच्या गुळाला हळदकुंकू वाहिलं आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा राखणदारा! ह्या रानाच्या धन्या!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजलं.

"हे तुझं लेकरू महाबळेश्वर, आज तुझ्या दारात रोट घेऊन आलंय!"

"व्हय म्हाराजा!"

रोट? महाबळेश्वरच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्याने चुलीकडे बघितलं. दगडाकडे बघितलं. स्वतःच्या अनवाणी पायांकडे बघितलं. पायाखालची टेकडीच सरकली त्याच्या! "मामा, अवो मामा, हे तसं न्हाई..."

"ह्याच्या मनात काय चूकभूल असंल, बोलताना जीभ अडखळत असंल, तर ती पोटात घाल!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्याच्या पोराला, अक्षयला, सुखरूप आईच्या पुढ्यात आणून उभा कर!"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाण्याच्या मधे बोलायची सोय नाही. महाबळेश्वर नुसता मासोळीसारखा तोंड उघडमीट करत राहिला. आणि गाऱ्हाणं संपतंय न संपतंय तोच टेकाडाच्या पायथ्यापासून हंबरडा आला. काशी! गणेशगुडीला ती गाडीतून उतरली, तर दुकानदाराने नेहमीसारखं "अक्का, बारसं झालं काय?" विचारायचं सोडून नुसतं "अक्षय..." म्हणून हात जोडले होते. तिथून ती वाट दिसेल तशी पळत आली होती.

"माझ्या लेकराला काय झालं? बोला की वो!"

"कुठं काय झालंय? काय न्हाई झालं!"

"मग रोट कशाला मांडलाय?"

"रोट न्हाई गं," महाबळेश्वरचा आवाज पार खाली गेला. "पुडिंग हाय. रूपालीताईसाठी."

काशीने एकदा टोपाकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे. पोरगं धडधाकट आहे या आनंदानं ती रडली आणि नवरा असला आहे या संतापानं तिने तिथंच पडलेल्या फुलाच्या मोळीतलं एक लाकूड उचललं.

"थांब काशे!" गावकर गरजले. "ते नंतर बघ. आदी हे मिटवू. गाऱ्हाणं झालंय. त्याच्या दारात ठेवलं ते त्याचं. पुडिंग असू दे, न्हाईतर आणि काय असू दे, आता हा रोट. हितंच खायचा, हितंच संपवायचा."

"मामा, पाया पडतो! एक वाटी तेवढी बाजूला ठेवू द्या. रूपालीताई यायची हाय!"

"आली तर पान धरंल. बाजूला ठेवायचं न्हाई म्हंजे न्हाई."

झाकण उघडलं. वाफ निघाली. लोकांनी पानं पुढं केली. महाबळेश्वर आपल्या हातानं आपलं नशीब वाढत होता आणि टोपाचा तळ वर वर येत होता. देणाऱ्याने शेवटी खायचं, ही रीतच. लोक घास कपाळाला लावायचे, तोंडात टाकायचे आणि डोळे घट्ट मिटून घ्यायचे. एकजात सगळे! फुलाने तर एक खांदासुद्धा वर उचलला.

"कसा झालाय?" महाबळेश्वरला राहवेना.

"परसाद हाय अण्णा," फुला डोळे न उघडताच म्हणाली. "परसाद तो परसाद!"

काय भक्ती! गड्याचे डोळे भरून आले.

टोपात एक पळीभर उरलं. ते त्याने काशीच्या पानावर घातलं, आणि त्याच क्षणी पायवाटेवरून हाक आली. "अण्णा! घरी कोणीच न्हाई की हो! सगळी हितं काय करालासा?" रूपाली! महाबळेश्वरने टोपात बघितलं. कडेला करपलेली खरड, बस्स. संपलं! गाड्या गेल्या नदीपलीकडं, पोरगं राहिलं गोव्यात!

काशीने हातातलं लाकूड टाकलं. आपलं पान उचललं आणि रूपालीच्या हातात दिलं. "घ्या ताई. ह्यांनी तुमच्यासाठीच केलंय, सकाळधरनं."

तिने एक कणही तोंडात टाकला नव्हता. महाबळेश्वरला एवढी लाज वाटली, एवढी लाज वाटली की त्याने मान खाली घातली ती घातलीच.

रूपालीने आजूबाजूला बघितलं. सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. तिने घास कपाळाला लावला, तोंडात टाकला आणि डोळे घट्ट मिटले.

ती काही बोलणार, तेवढ्यात खालून मोटारसायकलचा असा आवाज आला की माकडं किंदळाच्या शेंड्याला गेली. अनमोडचा घाट चढून, रामनगर मागे टाकून, धुळीनं माखलेला अक्षय टेकाडावर धापा टाकत उभा! अंगात अजून हॉटेलचा पांढरा कोट. त्याने बघितलं, सगळं गाव राखणदारापाशी, आईचे डोळे लाल, बापाचं तोंड काळं. ते काजळीनं काळं होतं, पण त्याला काय माहीत!

"आई! कुणाला काय झालं?"

काशी धावली. तिने पोराला असं कवटाळलं की त्याचा कोट धुळीनं माखलाय की पिठानं, हे तिला कळलंच नाही. "कुणाला काय न्हाई झालं रे सोन्या! तुझ्या बाबानं गोड केलंय!"

"गोड? मी भरल्या गर्दीत काम टाकून आलोय! मुकादम म्हणाला, गेलास तर परत येऊ नगोस!"

"नगोस जाऊ!" काशी म्हणाली. "कोण जातंय परत!"

"व्हय म्हाराजा!" गावातून कुणीतरी सवयीनं म्हणालं आणि हशा पिकला. यशवंत गावकरांनी राखणदाराला हात जोडले. मागितलं होतं तसं पोरगं आईच्या पुढ्यात उभं होतं.

रूपालीने सावकाश डोळे उघडले. "हा तुमचा मुलगा? हॉटेलात काय करतोस रे?"

"केक, पुडिंग, बिस्किटं. भट्टीवर असतो मी."

"मग झालं की!" रूपालीचा चेहरा खुलला. "अण्णा, सगळ्या गाड्या तुमच्याकडं! ह्या आठवड्यापासनंच! फक्त गोड ह्यानं करायचं." मग ती जरा थांबून म्हणाली, "ह्यानंच करायचं, बरं का."

महाबळेश्वर आनंदानं उडालाच! पोरगं घरी, गाड्या घरी, सगळं घरी! आणि कुणामुळं? जे म्हशीला घालायचे होते त्या पावांमुळं! आता फक्त एकच गोष्ट राहिली होती, ती म्हणजे शाबासकी.

"काशे, कसा झालता गं?"

"मला काय ठाऊक? मी कुठं खाल्ला!"

खरंच की! आणि त्याने स्वतःही कुठं खाल्ला होता? तो पोराकडे वळला. अक्षय टोपाची खरड बोटावर घेऊन चाखत होता. चाखली. डोळे मिटले. एक खांदा वर गेला.

"अक्षय, तू त्यातला जाणकार हायस. खरं सांग, कसा झालाय?"

अक्षयने आईकडे बघितलं, मग राखणदाराकडे. "बाबा," तो म्हणाला, "परसादाला नाव ठेवत न्हाईत."

महाबळेश्वर त्यावर विचार करतोय, तोच त्याच्या सदऱ्याच्या खिशात खरखर झाली. रेंज आली! आणि सकाळपासून तोंड उघडं ठेवून बसलेली ती बाई सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "...ती म्हणजे गूळ! फळं आंबट असली तर गूळ जरा जास्तच घाला, मैत्रिणींनो!"

सगळ्यांच्या माना एकदम चिऱ्याकडे वळल्या. तिथं पानावर, हळदकुंकू लावून, फुलांखाली, गुळाचा खडा जसाच्या तसा बसला होता.

"तरीच!" यशवंत गावकर म्हणाले, आणि त्यांनी चुळा भरायला पाणी मागवलं.